काचेतली धुरपताबाई

पूर्णेला स्टेशनासमोर बन्सीधरचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याला लागूनच माझं सायकल दुरुस्तीचं दुकान. नामांतराची ती वर्षं. आज मोर्चा, उद्या बंद, स्टेशनावर पोलीस. बन्सीधरला मात्र एकच नाद होता, दुकानाच्या दर्शनी काचेत लावायला नवे चेहरे पाहिजेत. गिऱ्हाइकांचे चेहरे त्याला पसंत पडत नसत. "सगळे पावडर थापून येतेत," म्हणायचा. आणि स्वतः? निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या, डाग, वण सगळं पुसून टाकायचा. त्या हाताचा त्याला भारी गर्व.

कॅमेरा गळ्यात अडकवून तो आठवडी बाजारांना जायचा आणि परक्या माणसांना विचारायचा, "तुमचा फोटो काढू का?" विचारल्याशिवाय कधी काढला नाही, एवढं मात्र खरं. कुणी म्हणे, फोटोनं आयुष्य कमी होतं. कुणी म्हणे, मालकाला विचारून सांगते. एका म्हाताऱ्यानं तर काठीच उगारली होती. बन्सीधर हात जोडून पुढं सरकायचा.

राणीसावरगावच्या बाजारात मिरच्या विकत बसलेली धुरपताबाई त्याला अशीच दिसली. कपाळभर कुंकू, नाकात फुली, तोंडावर देवीचे वण.

"मावशी, तुमचा फोटो काढू का? पैसे न्हाई घेत."

"काढून काय करता?"

"दुकानाच्या काचेत लावतो. पूर्णेला, टेशनासमोर."

ती तोलता तोलता थांबली. "टेशनासमोर? येणाऱ्याजाणाऱ्याला दिसंल?"

"सगळ्या दुनियेला दिसंल."

"मंग काढा, भाऊ. पर लावा बरं का, इसरू नका."

परत आल्यावर बन्सीधरनं मला हे हसत हसत सांगितलं. "बायांना बी मिरवायची लय हौस असती," म्हणाला आणि वण पुसायला बसला. फोटो झाला मोठा सुरेख. धुरपताबाईचं तोंड लोण्यासारखं. काचेत मधोमध लावला.

पुढच्या उन्हाळ्यात एक तरणा पोरगा त्या काचेसमोर येऊन उभा राहिला. मी खाली बसून पंक्चर काढत होतो, मला त्याची पाठच दिसली. बराच वेळ तो हलला नाही. मग दुकानात डोकावून म्हणाला, "भाऊ, ह्या बाईच्या तोंडावर देवीचे वण व्हते का?"

बन्सीधर फोटोच्या कडा कापत होता. आपली पेन्सिल पकडली गेली असं वाटून त्याचं टाळकं सरकलं. मान वर न करताच तो म्हणाला, "वण? एक बी न्हाई. चेहरा मुळातच साफ हाय."

"न्हाई का? बरं," म्हणून पोरगा स्टेशनाकडं गेला. गाडी लागलीच होती.

थंडीत धुरपताबाई आली. आधी माझ्याकडं, मग काचेकडं बघून तिनं विचारलं, "ही कोण हाय?"

"तुमीच की, मावशी," बन्सीधर कौतुकानं म्हणाला.

तिनं पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि काच पुसली. पुन्हा पुसली. काचेवरची धूळ गेली तर वण दिसतील असं तिला वाटलं असावं. दिसले नाहीत.

"माझे वण काय केले, भाऊ?"

मग तिनं सांगितलं. ऊसतोडीला निघाल्यावर ह्याच स्टेशनाच्या गर्दीत तिच्या पोराचा हात सुटला होता. लहान होतं, त्याला गावाचं नाव सुद्धा सांगता येत नव्हतं. "पर माझ्या तोंडावरच्या वणांवर बोट फिरवल्याबिगर त्याला झोप येत न्हवती. तेवढं त्याच्या ध्यानात राहिलं असंल. कवातरी हितूनच जाईल, वण वळखंल, म्हून मी फोटो काढू दिला."

बन्सीधरनं हातातली कात्री खाली ठेवली. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मी टायरकडं. न सांगता राहिला असता तर मी काही तोंड उघडणार नव्हतो. पण त्यानं सांगितलं. पोरगा आला होता, त्यानं काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं, सगळं. तो दाराच्या चौकटीला धरून बोलत होता.

मला वाटलं, आता ही बाई चप्पल काढते. काढायलाच पाहिजे होती. पण ती पुढं झाली आणि तिनं त्याचं मनगट धरलं. तिच्या तोंडावर रागाचा मागमूस नव्हता, उलट ते उजळलं होतं.

"जित्ता हाय मंग! कसा दिसत व्हता, भाऊ? माझ्यावर गेलाय का बापावर?"

बाजारोबाजार परक्यांचे चेहरे मागत हिंडणारा माणूस खाली मान घालून उभा राहिला.

"मावशी," तो म्हणाला, "मी वर बघितलंच न्हाई."