गोमतीचं पथ्य

गोमती गेल्याचं मला कळलं ते वाशीला, आमच्या सोसायटीखालच्या वाण्याच्या फोनवर. पलीकडून तिचा पुतण्या बोलत होता. "बाई, काकी गेली," तो म्हणाला, आणि मी काही विचारायच्या आत त्याने पुढचंही सांगून टाकलं, "खान्यानेच गेली. ऐकायची नाय ना कोनाचा." मी फोन ठेवला. माणूस जाऊन अजून दुपार उलटली नव्हती आणि त्याच्यावर आरोपपत्र तयार होतं. या गोष्टीला आता दीड महिना झाला. दीड महिन्यात हेच वाक्य मी तिच्या सासरच्यांकडून ऐकलं, माहेरच्यांकडून ऐकलं, जिने तिला कधी पाहिलंही नाही अशा माझ्या शेजारणीकडूनसुद्धा ऐकलं. रडून झालं माझं. आता मला भांडायचं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

मुंबईची लाँच सुटते त्या मोऱ्याच्या धक्क्यापासून थोडं आत तिचं गाव. नव्या शहराची नुसती बोलणी चालली होती त्या काळात मी तिथल्या शाळेवर शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि गोमतीच्या घरी ओटीलगतच्या खोलीत भाड्याने राहू लागले. तिचा नवरा मिठागरात कामाला, घरची भातशेती तिच्याच अंगावर. मी सातारकडची, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. तांदळाच्या पिठाची आधी उकड काढावी लागते हेही मला ठाऊक नव्हतं. माझी पहिली भाकरी तव्यावर पडताच तिचे तुकडे झाले, तेव्हा गोमती पोट धरधरून हसली आणि "मास्तरीन, तू पोरांनाच शिकव" म्हणून तिने परात माझ्यापुढून ओढून घेतली. तिच्या घरी मी काय काय खाल्लं... घरच्या लाल तांदळाचा भात, शेवग्याच्या पाल्याची भाजी, वालाचं बिरडं, खाडीतले खेकडे, म्हणजे तिच्या भाषेत चिंबोऱ्या. यातलं विकत आणलेलं म्हणाल तर तेल आणि गूळ.

मग जमिनी गेल्या. थोड्या शहरासाठी, थोड्या पुढे बंदरासाठी. खाडीत भराव पडू लागला तशा चिंबोऱ्याही गेल्या. हातात मोबदला आला आणि गावाला वाटलं, आपण सुधारलो. ही चूक त्या गावांनी केली आणि फार हौसेने केली. पाहुणा दारात दिसला की भाकरीची टोपली पदराखाली झाकून आत न्यायची आणि बशीत खारी, टोस्ट, क्रीमरोल मांडायचे. भाकरी म्हणजे चिखल तुडवणाऱ्यांचं खाणं, असं एकमेकींना सांगायचं. गोमतीने तर नाक्यावर टपरीच टाकली. बेकरीचा माल, वनस्पती तुपात तळलेले वडे, बाटलीतलं रंगीत सरबत. बांधकामावरचे मजूर यायचे, गावातलेही यायचे. टपरी सोडून घरी जेवायला जायला तिला सवड नसायची, म्हणून सकाळी टोस्ट, दुपारी वडा, संध्याकाळी उरलेली खारी, असं तिचं वर्षानुवर्षं चाललं. भाजीपाला तिच्या ताटातून कधी गेला हे तिलाही सांगता आलं नसतं.

आजार आला तो आव पडते म्हणून. गावच्या डॉक्टरने आवेच्या गोळ्या दिल्या, त्या संपल्या की पुन्हा त्याच दिल्या. कळा थांबेनात, रक्त थांबेना, आणि पस्तिशीतली बाई वाळून पन्नाशीची दिसायला लागली. तिची थोरली जाऊ बायजा मनाने वाईट नव्हती, पण हे दुखणं लागट आहे असं तिने धरून ठेवलं. गोमतीचा तांब्या वेगळा झाला, मग ताट वेगळं झालं. शेवटी मीच तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरवलं. लाँच धक्का सोडून मध्यावर आली आणि तिला कळ आली. लाँचवर सोय कसली? मी गडबडले. गोमती मात्र उठून उभी राहिली आणि टोपल्या घेऊन बसलेल्या कोळणींना स्वच्छ आवाजात म्हणाली, "मावशी, पोटाचा आजार हाय माजा. रगत जातंय. मना आताच बसाला लागंल, आडोसा करा." त्या बायका लगेच उठल्या, मागच्या बाजूला पदर धरून गोल उभ्या राहिल्या, एकीने आपली टोपली रिकामी केली. पुरुषांकडे पाठ, तोंडं समुद्राकडे. गोमती परत येऊन बसल्यावर एक म्हातारी तिच्या कानाशी लागली. तिच्या सुनेला असंच होत होतं आणि ती सून लाजेने कुणाला सांगत नव्हती. गोमतीने तिला आम्ही ज्याच्याकडे निघालो होतो त्या डॉक्टरचा वार आणि वेळ सांगितली, तीही सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

इस्पितळात नळी घालून तपासलं तेव्हा मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा निघाल्या. डॉक्टर तरुण होता, पण सरळ बोलणारा. हे जंतूंचं दुखणं नाही, लागट नाही, आणि पुरतं बरं होईल असं वचन देता येत नाही, हे त्याने सांगून टाकलं. गोमतीने विचारलं, काय खाल्लं म्हणून झालं? तो म्हणाला की नक्की कारण कुणालाच माहीत नाही. जिथे ताजं घरचं अन्न सुटून डब्यापुड्यांतलं खाणं वाढतं तिथे हा आजार जास्त दिसतो, असं आता बोललं जातं, त्यामुळे खाण्याचा हात असेलही. पण तेच खाऊन हजारो ठणठणीत असतात, तेव्हा एकट्या खाण्यावर खापर फोडू नका. परतीच्या लाँचवर गोमतीनेच विषय काढला. म्हणाली, "शेत मी इकला नाय. खाडी मी बुजवली नाय. समोर जा होता, ताच खाल्ला." हे तिच्या पुतण्याने ऐकायला हवं होतं. घरी आल्यावर तिने टपरीतून बेकरीचा माल काढला आणि भाकरी-बिरडं ठेवलं. धंदा निम्म्यावर आला, तरी तिने मागे घेतलं नाही.

तिची मुलगी शेवंती हिच्या हळदीचा दिवस मी विसरणार नाही. त्या गावात हळदीला भावकीतल्या बायका मिळून भाकऱ्या करतात आणि त्या परातीपाशी जागा असणं म्हणजे भावकीत जागा असणं. गोमती पुढे आली तशी बायजा हळूच म्हणाली की तू बसून राहा, पिठाला हात नको लावूस, पाहुणे आलेत. सगळ्या बायकांचे हात थांबले. पोटच्या पोरीच्या हळदीला आईने लांब बसायचं? इस्पितळातल्या नव्या गोळ्यांनी गोमतीचं तोंड सुजलेलं होतं, डोळे बारीक झाले होते. तिने हात धुतले, परात पुढे घेतली आणि मांडवात ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्यो रोग एकाचा दुसऱ्याला होत नाय, डाक्टरनी सांगितलाय. ज्याला माजे हातची भाकरी नको, त्यानी उपाशी जावा."

काहीजण गेलेही उपाशी, अगदी जवळचे. तिने एकालाही थांबवलं नाही. बाकीच्यांना तिने आग्रह करकरून वाढलं आणि मी त्या दिवशी पोटाला तडस लागेपर्यंत जेवले.

आता "ऐकायची नाही" याबद्दल. शेवटची दोन वर्षं आजार फारच उसळला, तेव्हा डॉक्टरने सांगितलेलं पथ्य तिने अक्षरशः पाळलं. मऊ भात, ताक, मीठ बेताचं. तिखटाचा कण नाही, मासळी नाही. मी तोवर वाशीला राहायला आले होते; तिथून भेटायला जायची तेव्हा मला बिरडं वाढून स्वतः तो पांढरा गोळा गिळायची आणि मला शिव्या देत राहायची, की मास्तरीन, माझ्याकडे असं बघत जेवू नको, नीट जेव. सगळं ऐकूनही आतडं फुटलं आणि ऑपरेशनच्या टेबलावरून ती परत आली नाही. ज्यांना या मरणाला कुणीतरी दोषी हवाच आहे त्यांनी तो दुसरीकडे शोधावा. गोमतीच्या ताटात तो सापडणार नाही, आणि मी जिवंत आहे तोवर मी तो तिथे शोधू देणार नाही.

बाराव्याला मी गेले. गोमतीच्या स्वयंपाकघरात बायजा तिच्या नावाचं पान वाढत होती. केळीच्या पानावर मऊ भात, शेजारी ताक. बायजाचे डोळे सुजले होते. बिचारी मनापासून करत होती, गोमतीला हेच सोसायचं म्हणाली. शेवंती दारात उभी होती. ती आत आली, ते पान उचलून बाजूला ठेवलं, दुसरं मांडलं आणि जवळ्याचं कालवण, बिरडं, भाकरी असं एकेक वाढायला लागली. तिखटाचा वाडगा हातात घेऊन बायजा घुटमळली.

"वाढ काकी," शेवंती म्हणाली, "आता तिला सगला पचंल."