उत्तरापुरती जागा

माझे यजमान बोटीवर नोकरीला होते आणि पत्र लिहायचा त्यांना महाकंटाळा. म्हणून एका सुट्टीत त्यांनी टेपरेकॉर्डरच आणून घरी ठेवला. त्यानंतर पत्रांऐवजी कॅसेटी यायला लागल्या, रत्नागिरीकडे सुट्टीवर निघालेल्या कुणाच्या तरी हाती. कॅसेटमध्ये ते समोर बसल्यासारखे विचारायचे, "आये, गुडघा कसा हाय गो?" आणि थांबायचे. फीत नुसती फिरत राहायची. तेवढ्यात सासूबाई त्या डब्याला गुडघ्याची सगळी कर्मकहाणी ऐकवायच्या. मी आधी हसले, मग माझी पाळी आली तेव्हा मीही उत्तर दिलं.

आमची लेक तर टेपशी पोपटासारखी बोलायची. बालवाडीत मात्र तोंडाला कुलूप. देवळाच्या सभामंडपात बालवाडी भरायची. तिथे ही खांबाला टेकून बसायची, आणि घरी आली की वाटेतल्या कुत्र्यापर्यंत सगळं सांगायची. सासूबाईंनी तिच्या जिभेला वेखंड लावून पाहिलं, हेदवीच्या गणपतीला नारळ बोलून झाला. जूनमध्ये तिला पहिलीत घालायची होती. शेजारीण म्हणाली, "मुक्या पोरीला कोण घेतंय शाळेत?" तिला मी दारातूनच वाटेला लावलं.

एका संध्याकाळी बालवाडीच्या बाई चौकशीला आल्या. नेमकी कॅसेट चालू होती. "आज डब्यात काय नेलंस गो बायो?" टेपमधून बापाने विचारलं.

"घावणे. गूळ घालून," लेक म्हणाली.

बाई उंबऱ्यातच थबकल्या आणि कॅसेट संपेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, हा टेप बालवाडीसाठी द्याल?"

पोरांच्या त्या चिकट हातांत आमचा परदेशी टेप! जीव वरखाली झाला, पण दिला.

बाईंनी कोऱ्या कॅसेटवर स्वतःचा आवाज भरून टेप परत पाठवला. "तुला कुठला खेळ आवडतो?" असं विचारून त्या थांबल्या होत्या, अगदी आमच्या यजमानांच्या पद्धतीने. मागे पोरांचा कालवा. "सागरगोटे," लेकीने घरी बसून बाईंना सांगून टाकलं. पुढे बाईंच्या सांगण्यावरून तिची उत्तरं मी कॅसेटवर भरून घेतली.

ती कॅसेट टेपसकट मी बालवाडीत नेली तेव्हा बाईंनी घाई केली नाही. खाली बसून तिलाच विचारलं, "लावू का गो? नको असेल तर नाही लावायची." लेकीने मान हलवली आणि बटण स्वतः दाबलं.

तिचा आवाज ऐकून एकजण ओरडला, "ही बोलते!" बाईंनी त्याला नुसतं डोळ्यांनी दटावलं, टेप बंद केला आणि लेकीला विचारलं, "सागरगोटे कोणाशी खेळतेस?" आणि थांबल्या. माझ्याच्याने तेवढं थांबणं झालं नसतं, मी तिला दोनदा ढोसलं असतं. बाई मात्र निवांत बसून होत्या, तिला हवा तेवढा वेळ त्यांच्यापाशी असल्यासारख्या.

"आजीशी," लेक म्हणाली. "ती रडीचा डाव खेळते."

मला एकदम रडूच आलं. बोलतं करायचं म्हणजे आपण बोलत राहायचं, असंच मी धरून चालले होते. ही बाई प्रश्न विचारून उत्तरापुरती जागा मोकळी ठेवायची. एवढी माया आणि एवढी हुशारी एका माणसात मी क्वचितच पाहिली. हेदवीचा नारळ त्यांनाच द्यावा, असं मी घरी म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, गणपतीचा तो गणपतीला. शेवटी दोन आणले.

लेक पहिलीत गेल्यावर पुढची कॅसेट आली. "शाळेत काय काय झालं गो बायो?" बापाने विचारलं आणि नेहमीसारखा थांबला. ती सांगत सुटली. थोड्या वेळाने तो पुढचं विचारायला लागला, तशी तिने झटकन बटण दाबून त्याला गप्प केलं.

"थांबा ओ बाबा," ती टेपला म्हणाली, "माझं अजून झालं नाही."