लेकीच्या गाडीची टाकी

आमच्या घरामागे ट्रकची शेड आहे. ट्रक जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आम्ही तिला ट्रकचीच शेड म्हणतो. डिचोलीत अशा शेडी घरोघर आहेत. कुणी त्यात सुपारी वाळवतो, कुणी गाय बांधतो. आमच्या शेडमध्ये लेकीची गाडी असते. दोन दारांची, बसकी, पिवळी. स्पोर्ट्स कार म्हणतात तिला. लेकीनं ती मेलेली विकत घेतली आणि दोन वर्षं तिच्याखाली पाठीवर झोपून जिवंत केली. लेक तुयेच्या कारखान्यात नोकरीला, आठवडाभर पेडण्यात खोली करून राहते आणि शनिवारी घरी येते. येते म्हणजे आधी शेडमध्ये जाते, मग घरात. मला पहिल्यांदा राग यायचा. आता मी चहाच शेडमध्ये नेऊन देते.

गेल्या वर्षी ती पहिल्यांदा घाटातल्या शर्यतीला गेली. एक-एक गाडी सोडतात आणि वर पोचायला किती वेळ लागला ते बघतात. परत आली ती तोंड पाडून. म्हणाली, "आई, वळणावर गाडी खोकता." मूळची टाकी चपटी, लांब. जोरात वळण घेतलं की पेट्रोल सगळं एका बाजूला धावतं, पंपाला नुसती हवा मिळते आणि इंजिन ऐन चढणीला मान टाकतं. टाकी बदलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि पाऊस संपल्यावर पुढची शर्यत होती.

तर टाकी निवडायची. स्वयंपाकघरात मी बांगडे साफ करत होते, तेव्हा तिनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. एक टाकी अॅल्युमिनियमची, चकचकीत, लगेच मिळणारी. दुसरी बाहेरून पेटीसारखी, पण आत जाड रबराची पिशवी आणि त्या पिशवीत स्पंज भरलेला. ती परदेशातून यायची आणि महाग. शर्यतीतल्या तिच्या गटात नियमानं दोन्ही चालत होत्या. मी विचारलं, रबराची कशाला? ती म्हणाली, "ठोकर बसली तरी पिशवी फुटत नाय. आणि गाडी जर..."

"पुढचां बोलू नको," मी म्हटलं.

हे सांगायला हवं. ट्रकवाल्यांच्या घरात काही शब्द बोलायचे नसतात. खनिजाचे ट्रक चालायचे तेव्हा रस्त्यावर रोज काहीतरी व्हायचं. पण घरात 'ट्रक उलटला' असं कुणी म्हणायचं नाही. 'अमक्याचा ट्रक निजला' म्हणायचं. सकाळी हे बाहेर पडायच्या वेळी तर तेवढंही नाही. माझ्या सासूनं मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात हे शिकवलं, आणि सावंतवाडीकडून आलेली मी, सासूपेक्षा कडक निघाले. लेकीनं मोबाइल खाली घेतला. मी बांगड्यांना मीठ लावलं.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. "टाकी व्हयी तर इकत कित्याक घेतंस? मी करतंय."

आमचे हे. यांनी उभा जन्म ट्रक चालवला, खाणी बंद पडल्यावर ट्रकचा टँकर करून पाणी वाहिलं, आणि रिकामा वेळ पडला तेव्हा वेल्डिंग शिकले. ट्रक गेल्यापासून मात्र त्यांचे हात असे मांडीवर पडलेले असायचे. त्या दिवशी ते उठले, पत्रा शोधून आणला, आणि आठवडाभर मागच्या अंगणात ठिणग्या उडत राहिल्या. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. जेवायला हाक मारली तर "आयलंय" म्हणत, आणि येत नसत. हे सुख घरात फार दिवसांनी आलं होतं.

शनिवारी लेक आली, बघते तर टाकी तयार. आत आडव्या भिंती घातलेल्या, कारण अर्धा भरलेला पाण्याचा टँकर वळणावर माणसाला कसा ढकलतो हे यांना ठाऊक. म्हणजे पेट्रोल धावायचा प्रश्न मिटला. वेल्डिंगची शिलाई अशी सरळ, जणू शिवणयंत्रावर मारलेली. फक्त टाकी होती केवढी मोठी! डिकीत दुसरी वस्तू ठेवायला जागा नाही.

"बाबा, इतकी मोठी?"

"डिझेलासाठी खाणीवरची लाइन सोडून गेलो तो ट्रिप घालवन बसलो," हे म्हणाले. "टाकी कदी बारीक करू नये."

"शर्यत चार मिनटांची, बाबा. ह्या भरल्यार आईक पाठी बसवन शर्यतीक न्हेल्यासारखां."

"आई इतकी जड?" हे म्हणाले.

मी भाताचं आधण बघायला आत गेले. जाताना दोघांकडे जे बघितलं ते त्यांना पुरलं.

पुढच्या शनिवारी टाकी निम्मी झाली होती. कापून, पुन्हा जोडून. लेकीनं ती चारी बाजूंनी बघितली आणि म्हणाली, तोंड चुकीच्या बाजूला आहे. त्याच्या पुढच्या शनिवारी तोंड दुसऱ्या बाजूला. मग म्हणाली, लोखंड जड पडतं. तर हे स्कूटरवर बसून तुयेला गेले, तिथे बेळगावकडचा एक वेल्डर ओळखीचा, त्याच्याकडून तशीच टाकी अॅल्युमिनियममध्ये करून घेऊन आले. दिवसभर त्याच्या शेजारी उभे राहिले आणि परत येऊन त्याला कसं काही येत नाही ते मला रात्रीच्या जेवणापर्यंत सांगत बसले. दरवेळी ती काहीतरी काढायची आणि दरवेळी हे ते सुधारायचे. आता काढायला काही राहिलं नव्हतं.

मी ओळखलं होतं. तिला रबराचीच हवी होती. यांच्या टाकीत खोट नव्हतीच. खोट काढायची तर एकच गोष्ट बोलावी लागली असती, आणि ती या घरात बोलता येत नव्हती, माझ्यामुळे. यांना वाटत होतं लेकीला बारीकसारीक पटत नाही. आणि ती बाबांच्या चेहऱ्याकडे बघून पुढचा शनिवार मागून घेत होती.

शेवटी शर्यत जवळ आली. त्या शनिवारी ती आली ती सरळ पाने-पक्कड घेऊन बसली. "बसवतंय, बाबा," एवढंच म्हणाली. हे खूश. तिच्यासमोर उकिडवे बसून बोल्ट देत होते, सूचना देत होते, मधेच जुन्या ट्रकचं काही आठवून हसत होते. ती मान खाली घालून आवळत होती. मी चहा आणि पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, उंडे पाव घेऊन गेले होते. तिचा चेहरा बघितला आणि ताट बोनेटवर ठेवलं. लहानपणी न आवडणारी भाजी मुकाट गिळायची तसाच चेहरा. ही टाकी घेऊन ती घाटात जाणार होती, आणि बापाचं मन मोडायला नको म्हणून जाणार होती. आणि मी तिथं उंडे वाटत उभी.

"गाडी उलटली तर ह्यातलां पेट्रोल खंय जातलां?" मी विचारलं.

हे माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांना भर रस्त्यात नावानं हाक मारल्यासारखं. लेकीच्या हातात पाना तसाच.

"गे, काय बोलतंस तू," हे म्हणाले.

"उलटली तर, म्हणतंय. पत्रो फाटलो तर."

हे टाकीच्या शिलाईवरून बोट फिरवायला लागले. मग म्हणाले, "माझ्यासमोर एक ट्रक उलटललो, शेतात. डिझेल सगळां चिखलात व्हावान गेलां. डिझेल असां लगेच पेटत नाय." बोट शिलाईवर थांबलं. "पेट्रोलाचां येगळां."

एवढं बोलून त्यांनी लेकीच्या हातातला पाना घेतला आणि नुकताच आवळलेला बोल्ट सैल करायला लागले. ती म्हणाली, बाबा राहू दे, मी काढते. ते म्हणाले, "धर त्या बाजून."

टाकी खाली ठेवल्यावर त्यांनी हात पुसले. "इतके दिस माका मोठी झाली, तोंड वाकडां, जड जाता, असां सांगत रवलंस?"

"आई हुती मा थंय," लेक म्हणाली.

दोघंही माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "मी काय केलंय? आता बोलतंय मा?"

मग मोबाइल निघाला. यांनी चष्मा लावला आणि त्या रबराच्या टाकीची उलटतपासणी सुरू केली. स्पंज पेट्रोलात विरघळत नाही का? रबर किती वर्षं टिकतं? गाडी उलटी झाल्यावर वरच्या नळीतून गळलं तर? लेकीनं दाखवलं, तिथे एक गोळी असते, गाडी उलटली की ती खाली घसरून नळी बंद करते. यांना ती गोळी फार आवडली. पुन्हा पुन्हा दाखवायला लावली. "उलटली की बंद," असं स्वतःशी म्हणून बघितलं. चहा कधीच निवला होता. टाकी मागवली तीही तिथंच बसून, शर्यतीआधी पोचावी म्हणून जादा पैसे भरून. फक्त आकारावरून पुन्हा वाद झाला, कारण यांच्या मते वीस लिटर म्हणजे टाकी नव्हे, तांब्या.

ती दोघं बोलत होती, उलटणं, पेटणं, सगळं उघड उघड, आणि मी ऐकत उभी होते. तोंड उघडलंच होतं तर मीही माझं विचारून घेतलं.

"आणि तू भायर कशी येतलंस?"

लेक म्हणाली, बस, दाखवते. मी साडी सावरून त्या बसक्या गाडीत उतरले. बसले म्हणता येणार नाही. तिनं मला खांद्यांवरून, कमरेवरून पट्टे आवळून बांधलं. मग छातीवरची चकती दाखवली. "ही फिरव."

फिरवली. सगळे पट्टे एकदम गळून पडले. मी पुन्हा बांधायला लावलं, पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा डोळे मिटून फिरवली. जमलं.

"आता भायर ये," लेक म्हणाली.

ते मात्र जमेना. गुडघे जागेवरून हलायला तयार नव्हते. यांनी एक हात धरला, तिनं दुसरा.

"म्हटलं हुतां मी," हे ओढता ओढता म्हणाले, "आई तितकी जड नाय."

"ओढा गुमान," मी म्हटलं.