बिस्किटाच्या डब्यातले देव

खरं सांगायचं तर त्या दीड वर्षात मी देवांशी बोलत नव्हते. हे गेले, त्याच महिन्यात मी देव्हाऱ्यातले टाक मलमलीच्या फडक्यात गुंडाळले, बिस्किटाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि डबा स्वयंपाकघरातल्या कपाटात मागे सारला. टाक म्हणजे अंगठ्याएवढे चांदीचे पत्रे, त्यांवर भवानी, खंडोबा आणि आमचे पूर्वज उमटवलेले. तुम्हाला माझी पर्वा नाही, तर मलाही तुमची नाही, असं मी त्यांना तोंडावर म्हणाले. बहात्तराव्या वर्षी बाईने इतकं रुसू नये, पण मी रुसले.

तो डबाही साधासुधा नव्हता. आठ वर्षांची असताना आईबरोबर बोटीने इंग्लंडला आले, तेव्हा देव याच डब्यातून आले होते. वडील आधीच लेस्टरला मोज्यांच्या कारखान्यात लागले होते. आईला बोट इतकी लागली की तिने डबा माझ्या मांडीवर दिला आणि म्हणाली, "घर येईपर्यंत खाली ठेवायचा नाही." मी तो घेऊनच जेवले, घेऊनच झोपले. बंदरावर एका साहेबाने तो उघडायला लावला आणि बोट दाखवून काहीतरी विचारलं. वडिलांनी पत्रातून मला इंग्रजीची तीनच वाक्यं पाठ करायला लावली होती. माझं नाव आणि 'ही माझी आई' ही दोन काही कामाची नव्हती, म्हणून मी तिसरं म्हटलं, "धिस इज माय फॅमिली." साहेब त्या चिमुकल्या चांदीच्या चेहऱ्यांकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने झाकण लावून डबा दोन्ही हातांनी मला परत दिला. आमच्या रस्त्यावर तेव्हा मराठी बोलणारं घर आमचं एकटंच. पुढे जी कुटुंबं आली, त्यांच्यातल्या बायकांना डॉक्टरकडे आणि शाळेत मीच घेऊन जायचे, आणि आई त्या प्रत्येकीला ही डब्याची गोष्ट सांगायची.

या वसंतात मी आमचं राहतं घर विकलं आणि मुलाच्या घराजवळ लहानसा फ्लॅट घ्यायचं ठरलं. आवराआवर त्याने केली. तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर आत काहीच नाही.

"ती जुनी डबा?" मुलगा म्हणाला. त्याचा जन्म इथलाच, त्याचं मराठी असंच. "मला वाटली तिच्यात सुईदोरा आहे. चॅरिटी शॉपला दिली ना, आई."

या देशात घरोघरी बिस्किटाच्या डब्यात सुईदोराच असतो, त्याचं काय चुकलं? आत काय होतं ते मी सांगितल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला. लोकांनी दान दिलेलं जुनं सामान विकणाऱ्या अशा चार-पाच दुकानांत त्याने पिशव्या वाटल्या होत्या. आम्ही सगळीकडे फिरलो. न खपलेलं सामान दुसऱ्या दुकानांत पाठवतो, कुठे गेलं ते सांगता येणार नाही, असं एका ठिकाणी कळलं. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि नुसती भीती उरली. आठव्या वर्षी जी मुलगी डबा खाली ठेवत नव्हती, तिने म्हातारपणी तो खाली ठेवला होता. आईला मी काय तोंड दाखवणार, असं वाटून मी खूप रडले.

चाव्या द्यायच्या दिवशी सकाळी मी रिकाम्या घरात उभी होते. देव्हारा होता तिथे भिंतीवर उदबत्तीच्या धुराचा डाग तेवढा राहिला होता. त्या डागालाच हात जोडले. म्हटलं, "चुकले मी. आता शोधत नाही. तुम्ही असाल तिथे बरे असा, तुमचं कुणीतरी करत असो." दीड वर्षात देवांशी बोललेलं ते पहिलं वाक्य. तेवढ्यानेही बरं वाटलं.

चाव्या द्यायला बसने निघाले. पुढे रस्ता खोदलेला, म्हणून ड्रायव्हरने सगळ्यांना दोन स्टॉप आधीच उतरवलं. थोडं चालल्यावर गुडघ्याने असहकार पुकारला. समोर एक छोटंसं चॅरिटी शॉप होतं, तिथे टेकायला गेले. इथे आम्ही कधी आलोच नव्हतो. गल्ल्यामागे माझ्याच वयाची एक इंग्रज बाई होती. "सिट डाउन, मी डक," ती म्हणाली. लेस्टरची जुनी माणसं कुणालाही लाडाने असंच म्हणतात, त्यांच्या तोंडी 'माय'चं 'मी' होतं. लहानपणी शेजारीण मला असं म्हणाली, तेव्हा ही स्वतःला बदक का म्हणवते ते मला कळेना. ती आठवण येऊन इतक्या दिवसांनी मला हसू आलं.

हसता हसता वर पाहिलं. तिच्यामागच्या फळीवर, बशीत, चहाच्या मगाला टेकून माझे देव उभे होते. मगात डॅफोडिलचं ताजं फूल होतं, आणि पुढे एक चिठ्ठी. नॉट फॉर सेल. समबडीज फॅमिली.

माझी नजर कुठे खिळली आहे हे तिला दिसलं. ती इंग्रजीत सांगू लागली, "डब्यात सापडले. त्यांचे चेहरे बघितले आणि किंमत लावायला हात होईना. कुणाची तरी माणसं असणार, येईल कुणीतरी. तोवर रोज एक फूल ठेवते."

"धिस इज माय फॅमिली," मी म्हणाले. आवाज आठ वर्षांच्या मुलीसारखा आला.

तिने डबा काढून दिला. मी एकेक टाक ठेवताना नाव सांगत गेले, आणि ती प्रत्येकाला "हॅलो" म्हणत गेली.

हा चमत्कार की योगायोग, ते मला ठरवायचं नाही. ज्याने बस थांबवली आणि त्या बाईला फुलाची बुद्धी दिली, त्याच्यापुढे मी फक्त डोकं ठेवते. जन्मभर मला वाटत होतं की देवांना या देशात मी सांभाळून आणलं. पण डब्यासाठी माझी मांडी आईने निवडली होती, झाकण त्या साहेबाने लावलं होतं, आणि मी पाठ फिरवली तेव्हा त्यांना फूल त्या बाईने वाहिलं. मी मध्ये थोडा वेळ डबा धरला, इतकंच.

चाव्या देऊन फ्लॅटमध्ये पोचले तेव्हा मुलगा दारात उभा होता. माझ्या हातात डबा बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "दे आई, मी धरते," तो म्हणाला. मी त्याचं व्याकरण सुधारलं नाही. डबा त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "देव्हाऱ्यापाशी जाईपर्यंत खाली ठेवू नकोस."