मंदाकिनी पाहुणी जाते

मंदाकिनीला पाहुणी होता येत नाही, हे ठाण्याच्या वर्तकनगरात कुणालाही विचारा. अठ्ठावीस वर्षं पोळीभाजी केंद्र चालवणारी बाई ती. कुणाच्या बारशाला गेली तरी पाचव्या मिनिटाला पदर खोचून ओट्याशी उभी! सख्ख्या भाचीच्या लग्नात ही पंगतीला बसलीच नाही. पुऱ्या फुगत नाहीत म्हणून आचाऱ्याला बाजूला सारून कढईशी उभी राहिली, आणि विहीणबाई तिला हॉलभर शोधत फिरल्या. तिचा नवरा गुणाजी म्हणतो, "हिला स्वर्गात नेलं तरी आधी विचारेल, कणीक कुठे ठेवलीय?"

तर अशा बाईला स्वित्झर्लंडचं बोलावणं आलं.

बोलावलं हेमांगीनं. दोघी डोंबिवलीच्या एकाच शाळेतल्या, एकाच बाकावरच्या. हेमांगीचे वडील वकील, आणि मंदाकिनीची आई बायजा त्यांच्याच घरी स्वयंपाकाला. शाळा सुटली की हेमांगी पुढच्या दारानं घरात शिरायची आणि मंदाकिनी मागच्या. मग हेमांगी दप्तर घेऊन स्वयंपाकघरातच यायची आणि दोघी जमिनीवर बसून पाढे म्हणायच्या. पुढे हेमांगी खूप शिकली, झुरिकजवळ एका औषधांच्या कंपनीत लागली आणि तिकडचीच झाली. लग्न केलं नाही. पण महिन्यातून दोनदा मंदाकिनीला फोन, हा नेम काही मोडला नाही. यंदा निवृत्त झाली आणि म्हणाली, "मंदे, आता कारणं नकोत. तीन आठवडे ये. धबधबा दाखवते, तलाव दाखवते. नुसतं फिरायचं."

लेकीनं, समीक्षानं, व्हिसा-तिकिटाचं सगळं निस्तरलं. बॅग भरताना मात्र तिनं कपाळावर हात मारला. गोडा मसाला, पुरणयंत्र, पोळपाट, लाटणं!

"अगं आई, फिरायला चाललीयस की कंत्राट घेतलंयस?"

"रिकाम्या हातानं जातात का कुणाकडे?" मंदाकिनी म्हणाली, आणि वर भाजणीची पिशवी कोंबली.

हेमांगीच्या घरापासून तलाव दहा मिनिटांवर. पण मंदाकिनीनं पहिल्या सकाळी पाहिलं काय, तर शेगडी. गुळगुळीत काच, खाली जाळ म्हणून नाही. पोळी फुगायला तयार नाही. म्हणजे काय? अठ्ठावीस वर्षांची अब्रू! दोन दिवस ती त्या काचेशी झुंजली आणि शेवटी कापडाच्या बोळ्यानं कडा दाबत दाबत तिनं पोळी टम्म फुगवलीच. मग काय, फ्रीजरमध्ये पोळ्यांच्या चवडी लागल्या.

हेमांगी रोज बूट घालून दारात उभी राहायची. "चल गं, अकराची बोट आहे."

"आज पुरण शिजायला घातलंय. उद्या नक्की."

उद्या चकल्या, परवा चिवडा. आठ दिवस गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तलावाचा एक निळा तुकडा दिसायचा, त्याच्याकडे बघून बाई म्हणाल्या, "आमच्या ठाण्याच्या उपवन तलावासारखाच दिसतोय," आणि पुन्हा तव्याकडे वळल्या. हेमांगीचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं, पण हिचं लक्ष कुठे?

खरं सांगायचं तर मंदाकिनी भ्यायली होती. बाहेर भाषा येत नाही, ट्रामचं दार कसं उघडतं तेही कळत नाही. ओट्याशी मात्र ती राणी. आणि दुसरंही एक होतं, जे तिनं स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. हेमांगीच्या मऊ सोफ्यावर टेकलं की तिला आईचा आवाज ऐकू यायचा, "मंदे, उठ. लोकांचं आहे ते."

शनिवारी दुपारी हेमांगीनं तिथल्या सहा-सात मराठी मंडळींना जेवायला बोलावलं. का, तर माझ्या मैत्रिणीला भेटा म्हणून. मैत्रीण कुठे होती? आत, पुरणपोळ्या लाटत. मंडळी तुटून पडली. त्यात एक उर्वी होती, कल्याणची, तिथे कॉम्प्युटरच्या नोकरीला आलेली गोड पोरगी. उशिरा आल्यामुळे तिची ओळख करून द्यायची राहून गेलेली. ती ताट घेऊन आत आली आणि म्हणाली, "मावशी, काय हात आहे हो तुमचा! ताईंनी तुम्हाला कामासाठी इंडियातून आणलंय ना? मंगळवारी माझ्याकडे पण याल? दहा जण आहेत."

आणि मंदाकिनीनं काय म्हणावं? "येईन की!"

दारात हेमांगी उभी होती. तिनं सगळं ऐकलं. पाहुणे असेपर्यंत ती हसत राहिली, शेवटचा माणूस गेल्यावर मात्र दार लावून वळली.

"मंदे, तू तिला सांगितलं का नाहीस?"

"त्यात काय झालं? पोरीला आवडलं, बोलावतेय."

"काय झालं? आठ दिवस मी दारात उभी राहतेय. माझ्याबरोबर तू दहा पावलं चालली नाहीस."

"मग तुझ्या घरी नुसती बसून खाऊ? आमच्यासारख्यांना नाही ते जमत."

"आमच्यासारख्यांना?" हेमांगीचा आवाज चिरकला. "तीस वर्षं मी इथे सगळ्यांना सांगतेय, मला एक मैत्रीण आहे. एकच आहे. आणि तू येऊन मला मालकीण करून टाकलंस. बायजामावशींना माझ्या आईनं कधी खुर्चीवर बसवलं नाही, त्याची मला अजून लाज वाटते गं. तू तेच माझ्याकडून करून घेतेयस."

आणि ती रडायला लागली. साठीची बाई, हुंदके देऊन. मंदाकिनीला तोंडात मारल्यासारखं झालं. आपण हिला काही देतोय असं आठ दिवस वाटत होतं, आणि हिच्या हातात जे होतं तेच आपण काढून घेत होतो. अजून दोन आठवडे असंच केलं तर घरी जाईल ती हेमांगीची मैत्रीण नव्हे, कामाची बाई जाईल. पुढचे फोनही मग आपोआप आटतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाकिनी साडी नेसून, वर स्वेटर चढवून सोफ्यावर बसली. हात मांडीवर. हात नुसते शिवशिवत होते! आत हेमांगी भांडी आपटत होती, काहीतरी करपल्याचा वास येत होता, आणि ही दात-ओठ खाऊन बसून राहिली. चहा आला. पांचट होता. तिनं तो मुकाट्यानं प्यायला, आणि उठून कप विसळायलाही गेली नाही.

मग आगगाडीनं ऱ्हाइनच्या धबधब्याला. आधी आवाज आला, मग वाऱ्यावर तुषार, आणि मग ते पांढरंशुभ्र, रुंदच्या रुंद पाणी. "अगं बाई!" मंदाकिनी जागीच थबकली. "हा मेला थांबत नाही का कधी?" पाण्याच्या मधोमध एक खडक उभा, आणि बोट थेट त्याच्यापाशी जाते. खडकावर उभ्या पायऱ्या, गुडघे कुरकुरले, पण हेमांगीनं हात पुढे केला आणि हिनं तो धरला. वर पोचल्यावर दोघी नखशिखांत भिजल्या. चाळीस वर्षांत मंदाकिनी इतकी हसली नव्हती. "गुणाजीला आणायला हवं होतं गं!" ती पाण्यावर ओरडली.

तिथून पुढे तलावाकाठी. बाकावर बसून हेमांगीनं दोन ताटल्या काढल्या आणि डबा उघडला. स्वतः केलेल्या पोळ्या. एक जाड, एक करपलेली, एक अशी की तिला आकारच नाही. मंदाकिनीनं एक घास घेतला आणि काही बोलली नाही. बाईच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा संयम.

तेवढ्यात हेमांगीचा फोन वाजला. उर्वी होती. "ताई, मावशींना द्या ना." मंदाकिनीनं फोन कानाला लावला. हेमांगी पाण्याकडे बघत राहिली.

"मावशी, मंगळवारचं पक्कं ना?"

"पक्कं," मंदाकिनी म्हणाली. "पण मी जेवायला येईन हां, उर्वी. आम्ही दोघी येऊ. ही माझी शाळेतली मैत्रीण, हिच्याकडे मी पाहुणी आलेय. बेत काय करतेयस?"

पलीकडे पोरगी आधी गडबडली, मग ओशाळून हसली, म्हणाली, या ना, नक्की या, मला फक्त पुलाव येतो. "चालेल की," मंदाकिनी म्हणाली आणि फोन ठेवला. हेमांगीचे डोळे भरून आले होते. मंदाकिनीचेही. समोर पांढरी बोट सावकाश चालली होती.

मग जन्मात कधी केलं नव्हतं ते मंदाकिनीनं केलं. डबा हाताशी असूनही तिनं ताटली पुढे धरली.

"हेमे, अजून एक वाढ गं मला."