काळ्या डोक्याचा कुरव

होळीच्या चार दिवस आधी शहाद्याच्या एसटी स्टँडवर आक्काच्या गावी, प्रकाशाला जाणाऱ्या बसची वाट पाहत होतो, तेव्हा भाचीचा फोन आला. "मामा, माय गयी…" आक्का झोपेतच गेली होती. माझ्या पिशवीत तिच्या दुर्बिणीसाठी शिवून आणलेला नवा पट्टा होता. बस आली आणि मी चढलो. दुसरं काही सुचलं नाही.

आक्का माझी थोरली बहीण. हिवाळ्यातल्या रविवारी आम्ही दोघं तापीच्या काठी, बॅरेजच्या वरच्या अंगाला पाखरं पाहायला जायचो. दुर्बीण मी माझ्यासाठी घेतली होती. पहिल्याच सकाळी तिने ती बळकावली. मला मोजायची सवय. पन्नासांचा एक थवा डोळ्यांत धरायचा आणि तसे किती होतात ते पाहायचं. "तुन्हा हिसाब व्हस तवलोंग पाखरे उडी जातस," ती म्हणायची, आणि बहुतेकदा ती उडतच. ती मात्र एकाच पाखराकडे पाहत बसे. थापट्या बदक पसरट चोच पाण्यावर फिरवू लागलं की म्हणे, "देख, कशी घर झाडी ऱ्हायनी!"

आमचा वाद होता कुरव या पाणपाखरावरून. पुस्तकात नाव 'काळ्या डोक्याचा कुरव', आणि समोरचा पांढराशुभ्र, कानापाशी काय तो एक ठिपका. "डोकं कोठे काळं शे? चष्मा पुस, बारक्या!" मी सांगायचो, होळीपर्यंत थांब, परत जाण्याआधी डोकं काळं होतं. "व्हयनं त तुले भाऊसाहेब म्हनसू." ऑफिसात मला सगळे भाऊसाहेब म्हणतात, त्याचं तिला भारी हसू यायचं. पण महाशिवरात्र झाली की भाची तिला सुरतेला घेऊन जाई. यंदा होळीपर्यंत थांबायचंच ठरवून आक्काने तिला बजावलं होतं, "होयी करीसनच जासू…"

होळीनंतरच्या रविवारी मी एकटाच गेलो. दुर्बिणीचं उजवं भिंग आक्काच्या डोळ्याला जुळवलेलं, मला त्यातून धूसर दिसतं. ते मी फिरवलं नाही. उजवा डोळा मिटून पाहिलं. कुरव होते, आणि त्यांची डोकी रंगली होती. पण खरं सांगायचं तर काळी नव्हती, गडद तपकिरी होती. एवढ्यावरून आक्काने शर्त मोडीत काढली असती.

म्हणजे मी अजून बारक्याच. भिंग तसंच ठेवून मी दुर्बीण गळ्यात अडकवली, नव्या पट्ट्याने.