काडेपेट्यांची वही

देवापुढे काडी ओढली की त्या वासाबरोबर मला वाशीचं जुन्या वस्तूंचं दुकान आठवतं. बाबा गेल्यावर मी थोरली म्हणून त्यांची चांदीची नाणी घेतली. धाकट्या मालूला उरली काडेपेट्यांवरची चित्रं चिकटवलेली वही. किंमत विचारायला आम्ही दोघी ऐरोलीहून गेलो होतो.

"ताई, नाणी घासली ना तुम्ही? आता नुसत्या चांदीचा भाव मिळेल," दुकानदार म्हणाला. मी ती चिंचेने लख्ख केली होती. मालूची वही मात्र तो भिंगातून बघतच राहिला. "असली चित्रं आता मिळत नाहीत. चाळीस हजार देतो."

खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं.

"विकायची नाहीये," मालू म्हणाली आणि तिने वही माझ्यापुढे सरकवली. मी ती पहिल्यांदाच नीट बघत होते. प्रत्येक चित्राखाली बाबांचं बारीक अक्षर होतं. 'मालूबरोबर, पनवेल स्टँड.' 'मालूला सापडली.' बाबा रस्त्यावरच्या रिकाम्या पेट्या उचलायला थांबले, की मी लाजून पुढे निघून जायचे. मालू त्यांच्यासोबत वाकून शोधायची. मी शेवटच्या पानापर्यंत गेले. माझं नाव कुठेच नव्हतं.

चाळीस हजारांचा हेवा महिन्याभरात गेला. त्या अक्षरातल्या मालूचा अजून गेलेला नाही.